काउबॉय शूटिंगला लागलात? मग गनस्मिथ असा शोधा

मी मिरजेची. माहेरचं घर सतारमेकर गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर लहानपणापासून पाहिले. घोडीवर कानस एकदाच फिरवायची, तार चढवायची, छेडून ऐकायची, आणि पुन्हा उतरवायची. सगळा वेळ ऐकण्यात जायचा, घासण्यात फार थोडा. एक हात जास्त फिरला की घोडी वाया, कारण घासलेलं परत येत नाही.

आता मी ॲरिझोनात राहते. फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी शूटिंग फॅसिलिटी आहे, तिथे काउबॉय ॲक्शन शूटिंगला जाते. या खेळात तुम्ही नव्याने आला असाल, तर सहा महिन्यांच्या आत तुम्हाला गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, लागणार आहे. तो निवडताना जवारीवाल्याची आठवण ठेवा असं मी आमच्याकडच्या प्रत्येक नव्या मराठी माणसाला सांगते. काय बघायचं आणि कसं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी खेळ समजून घ्या, म्हणजे गनस्मिथ का लागतो ते कळेल

सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे सगळे जिला सॅस म्हणतात ती संस्था, १९८७ साली स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या पश्चिम भागात वापरली जायची तशी हत्यारं, तसा पोशाख, एक टोपणनाव आणि समोर लोखंडी टार्गेट, असा हा खेळ. प्रत्येकाकडे दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाच्या काडतुसांवर चालणारी एक लिव्हर ॲक्शन रायफल आणि एक जुन्या धर्तीची शॉटगन. एका स्टेजला, म्हणजे एका फेरीला, बहुधा दहा गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या, दहा रायफलच्या आणि चार किंवा जास्त शॉटगनच्या. घड्याळ चालू असतं आणि प्रत्येक चुकलेल्या टार्गेटमागे पाच सेकंद वाढतात.

गोळ्या साध्या शिशाच्या आणि हळू जाणाऱ्या. रिव्हॉल्व्हरसाठी सेकंदाला १,००० फुटांच्या आत, रायफलसाठी १,४०० फुटांच्या आत असा नियमच आहे. त्यामुळे दणका कमी बसतो. पण प्रत्येक गोळीसाठी हॅमर, म्हणजे बंदुकीचा घोडा, अंगठ्याने मागे ओढायचा असतो आणि रायफलचा लिव्हर हाताने पुढेमागे करायचा असतो. कारखान्यातून आलेल्या हत्यारात स्प्रिंगा कडक असतात आणि आतले भाग खरखरीत. दिवसभरात साठ वेळा हॅमर ओढला की अंगठ्याचं पेर सुजतं. म्हणून लोक 'ॲक्शन जॉब', म्हणजे आतल्या यंत्रणेचं काम, करून घेतात: योग्य स्प्रिंगा घालणं आणि जिथे लोखंड लोखंडावर घासतं ते भाग गुळगुळीत करणं.

व्हिसाचं काय?

हा परिच्छेद वगळू नका. एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, विद्यार्थी व्हिसा अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. याला काही अपवाद आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला जास्त माहीत असलेला. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. पण "मित्राची बंदूक पाच मिनिटं हातात धरली तर काय होतंय" हा विचार करू नका, कारण कायदा बाळगण्याकडे बघतो आणि मालक कोण हे त्याला महत्त्वाचं नसतं. यात चूक झाली तर प्रकरण इमिग्रेशनच्या फायलीपर्यंत जाऊ शकतं. तुमचा स्टेटस काय आहे ते सांगून आधी वकिलाला विचारा, मगच रेंजवर या. राज्याराज्यांचे नियमही निराळे आहेत. ॲरिझोनात सहज चालतं ते न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात चालेलच असं नाही.

पहिले तीन सामने काहीही करू नका

हत्यार घेतल्या घेतल्या गनस्मिथकडे धावायची सगळ्यांना घाई असते. मलाही होती. पण कमीत कमी तीन सामने हत्यार आहे तसंच वापरा आणि घरी आल्यावर वहीत लिहा: कुठे अडकलं, कुठे हात दुखला, काय जमलं नाही. बहुतेक अडचणी हत्याराच्या नसतातच. माझी रायफल पहिल्या दोन सामन्यांत चार वेळा अडकली आणि मी ठरवलं होतं की तिच्यातच दोष आहे. अडकत होती ती मी लिव्हर पूर्ण पुढे नेत नव्हते म्हणून.

तीन सामन्यांनंतर वहीत जे उरतं ते खरं काम. ते साधारण असं असतं. रुगर न्यू व्हकेरो हे रिव्हॉल्व्हर असेल, तर हॅमरची स्प्रिंग हलकी करणं आणि ट्रिगर सुधारणं. उबर्टीसारखी इटालियन, १८७३ च्या कोल्टच्या धर्तीची रिव्हॉल्व्हर असेल, तर त्याबरोबर सिलिंडर, म्हणजे काडतुसांच्या घरांचं फिरतं चाक, नेमका जागेवर येतोय ना ते बघणं. १८७३ च्या विंचेस्टरच्या धर्तीची रायफल असेल, तर लिव्हरचा पल्ला कमी करणारं किट, ज्याला सगळे शॉर्ट स्ट्रोक म्हणतात. दुनळी शॉटगन असेल, तर ती उघडायला हलकी करणं आणि रिकामी काडतुसं अलगद बाहेर पडावीत म्हणून नळीतलं काडतुसाचं घर आतून चकचकीत करणं.

आपल्या बायकांसाठी यात एक काम फार महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी आपणहून सुचवत नाही. कारखान्याचा शॉटगनचा दस्ता सहा फुटी माणसासाठी केलेला असतो. माझी उंची पाच फूट एक इंच. दस्ता लांब असला की बंदूक खांद्यावर नीट बसत नाही, दंडावर बसते, आणि दंड काळानिळा होतो. दस्ता कापून मागे रबराचा पॅड बसवणं हे साधं काम आहे. ते केल्यावर माझा शॉटगनचा वेळ जितका कमी झाला तितका दुसऱ्या कुठल्याच दुरुस्तीने झाला नाही.

कुणाला विचारायचं, आणि काय विचारायचं

"चांगला गनस्मिथ कोण?" असं विचारलं की प्रत्येक जण आपल्या मित्राचं नाव सांगतो. त्याऐवजी सामन्यात ज्याच्याकडे नेमकं तुमचंच मॉडेल आहे असा माणूस शोधा आणि विचारा: याचं काम कुणी केलं? कधी केलं? त्यानंतर किती सामने झाले? एकदा तरी परत न्यावं लागलं का, आणि नेल्यावर तो काय म्हणाला? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. परत कुणाचंही येतं. परत आलेलं काम तो हसून घेतो की वाद घालतो, त्यावरून माणूस कळतो.

एकाच मॉडेलच्या तीन जणांना तरी विचारा. शिवाय सामना चालवणाऱ्यांना आणि टायमर घेऊन शेजारी उभे राहणाऱ्या रेंज ऑफिसरना विचारा. महिन्याला पन्नास-साठ जणांची हत्यारं त्यांच्या डोळ्यांसमोर चालतात, त्यामुळे कुणाच्या हातची रायफल वारंवार अडकते हे त्यांना माहीत असतं. ते चारचौघांत नाव घेणार नाहीत. जेवणाच्या वेळी बाजूला बसून विचारा. हत्यारं भरतात त्या लोडिंग टेबलवर मात्र कुणाशीही असल्या गप्पा मारू नका, तिथे प्रत्येकाचं लक्ष मोजणीवर असायला हवं.

इथे सगळे टोपणनावाने ओळखतात. गनस्मिथही. त्यामुळे कुणी नाव सुचवलं की टोपणनावाबरोबर धंद्याचं खरं नावही लिहून घ्या, पुढे परवाना तपासताना ते लागेल.

फेब्रुवारीत बेन एव्हरीला विंटर रेंज ही मोठी स्पर्धा भरते. तिथे विक्रेत्यांच्या तंबूंची रांग असते आणि काही गनस्मिथही येतात. समोरासमोर बोलायची ही उत्तम जागा. पण स्पर्धेच्या धामधुमीत, तंबूत, घाईघाईने काम करून घेऊ नका. ओळख करा, त्यांच्या हातची हत्यारं पाहा, पत्ता घ्या.

गनस्मिथिंग शिकवणारी कॉलेजं अमेरिकेत आहेत. आमच्या राज्यात प्रेस्कॉटला यावापाई कॉलेज, कोलोरॅडोत ट्रिनिडॅड स्टेट, ओक्लाहोमात मरे स्टेट. तिथे शिकलेला माणूस असेल तर पाया पक्का असतो. पण पाया आणि या खेळाची जाण या दोन वेगळ्या गोष्टी, हे मला पदरचे पैसे घालून कळलं.

माझ्याकडून काय चुकलं

घराजवळ एक दुकान होतं. मालक सज्जन, भिंतीवर प्रमाणपत्रं, आधुनिक रायफली आणि पिस्तुलांच्या कामात नावाजलेला. मी माझ्या दोन्ही व्हकेरो त्याच्याकडे दिल्या आणि म्हटलं, "हलक्या करून द्या." एवढंच. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी हातात आल्या तेव्हा हॅमर लोण्यासारखा मागे यायचा. मी खूश. पुढच्या सामन्यात पहिल्याच स्टेजला पाच गोळ्यांपैकी दोन उडाल्याच नाहीत, नुसतं टिक. न उडालेली गोळी म्हणजे चुकलेलं टार्गेट, म्हणून दहा सेकंद गेले. नंतर स्प्रिंग काढून पाहिली तर तिची वेटोळी चक्क कापलेली होती. दुसऱ्या कंपनीची हलकी स्प्रिंग न घालता त्याने मूळचीच तोडली होती.

पण खरी गोष्ट पुढची. सामना संपल्यावर आमच्या गटातल्या एका सत्तरीच्या आजोबांनी रिव्हॉल्व्हर मागितलं. गेट, म्हणजे काडतुसं भरायचं बाजूचं झाकण, उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे मोजलं, नळी मातीच्या बांधाकडे केली, हॅमर पूर्ण मागे ओढला आणि ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने हॅमरला मागून पुढे हलकेच दाबलं. हॅमर सुटला. ट्रिगरला कुणाचंही बोट नसताना.

हॅमरच्या पोटाशी एक बारीक खाच असते आणि ट्रिगरचं वरचं टोक तिच्यात अडकतं. त्या अडकण्यावर सगळी भिस्त. ट्रिगर हलका लागावा म्हणून त्या माणसाने ती खाच इतकी घासली होती की टोक नुसतं टेकलेलं होतं, धरलेलं नव्हतं. मी ते हत्यार घेऊन दिवसभर माणसांच्या मध्ये उभी होते. त्या रात्री झोप लागली नाही. दोन्ही रिव्हॉल्व्हरचे हॅमर आणि ट्रिगर बदलावे लागले. दुरुस्ती शक्यच नव्हती, कारण घासलेलं परत येत नाही.

तो माणूस वाईट नव्हता. त्याचं काम वेगळ्या हत्यारांचं होतं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते यासाठीच. या खेळातसुद्धा रुगरचा सोनार वेगळा, १८७३ रायफलचा वेगळा आणि दुनळीचा वेगळा असू शकतो. एकाच माणसाने सगळं करावं असा हट्ट धरू नका.

परवाना तपासा

बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा करणाऱ्याला केंद्राचा परवाना लागतो, सगळे त्याला एफएफएल म्हणतात. गनस्मिथ साधारण टाइप ०१ मध्ये येतात. हा परवाना बंदुकांवर देखरेख ठेवणारं केंद्राचं एटीएफ हे खातं देतं आणि त्या खात्याची 'एफएफएल ईझी चेक' नावाची सोय आहे. परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की परवाना चालू आहे का आणि कुठल्या पत्त्यावर आहे ते दिसतं. क्रमांक मागताना संकोच करू नका. खरा धंदेवाला लगेच देतो.

तुमचं हत्यार त्याच्याकडे मुक्कामाला राहणार असेल तर त्याला ते आपल्या नोंदवहीत सिरियल नंबरसकट उतरवून घ्यावं लागतं, आणि परत देताना तशी नोंद करावी लागते. तुमचंच हत्यार तुम्हालाच परत मिळतंय, म्हणून नवीन खरेदीसारखा ४४७३ नंबरचा फॉर्म केंद्रीय नियमाप्रमाणे भरावा लागत नाही. "नोंद वगैरे काही नको, असंच ठेवून जा" असं कुणी म्हणालं तर तिथून हत्यार उचला आणि निघा.

फोनवर अर्धा तास

आता ओळख झाली, परवाना बघितला, पुढे बोलणं. मी ज्यांच्याकडे आता काम देते त्यांनी पहिल्या फोनवर मला एवढे प्रश्न विचारले की मला वही काढावी लागली. काडतुसं विकत घेता की घरी भरता? कुठले प्रायमर? काळी दारू की बिनधुराची? एका हाताने नेम धरता की दोन हातांनी? हॅमर कुठल्या हाताच्या अंगठ्याने ओढता? तळहाताची लांबी किती? जो माणूस हे न विचारता थेट भाव सांगतो त्याच्याकडे मी जात नाही.

प्रायमरचा प्रश्न नव्या माणसाला क्षुल्लक वाटतो, म्हणून थोडं थांबून सांगते. हॅमर ज्या टिकलीवर आदळून काडतूस पेटतं ती टिकली म्हणजे प्रायमर. फेडरल कंपनीचे प्रायमर मऊ, ते हलक्या फटक्यानेही पेटतात. सीसीआयचे जास्त कडक. काही गनस्मिथ स्प्रिंग इतकी हलकी करतात की हत्यार फक्त फेडरलवरच चालतं. वेगात जिंकणाऱ्याला ते परवडतं. पण बाजारात टंचाई आली, हाती मिळतील ते प्रायमर घ्यावे लागले, की तुमचं हत्यार टिक टिक करत बसतं. नव्या माणसाने स्पष्ट सांगावं: दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही काडतुसावर चाललं पाहिजे. थोडं जड राहिलं तरी चालेल.

तुम्ही त्याला विचारायचं ते असं. स्प्रिंग बदलता की कापता? काढलेले मूळ भाग परत देता ना? काम झाल्यावर खऱ्या गोळ्या झाडून बघता का, किती? सॅसच्या नियमात काय बसतं ते माहीत आहे का? उदाहरणार्थ, दुनळीला आपोआप काडतूस बाहेर फेकणारे इजेक्टर चालत नाहीत. किती दिवस लागतील आणि काही बिघडलं तर परत घेता का? शेवटी एक मुद्दाम विचारा: "रायफलच्या लिव्हरखालची सेफ्टी काढून टाकता का?" १८७३ च्या रायफलमध्ये लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय ट्रिगर दाबताच येऊ नये म्हणून एक छोटी खुंटी असते. ती नसली आणि काडतूस पूर्ण आत बसायच्या आधी हॅमर पडला तर गोळी उघड्या ॲक्शनमध्ये फुटू शकते, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. "ती आम्ही काढत नाही" हे उत्तर ऐकू आलं पाहिजे.

माझ्या आताच्या गनस्मिथने पहिल्याच फोनवर मला एका गोष्टीला नाही म्हटलं. ट्रिगर अजून हलका हवा होता मला. ते म्हणाले, वर्षभर हा वापरा, मग बोलू. तिथेच मी ठरवलं की काम यांच्याकडेच द्यायचं.

नावाजलेल्या माणसाकडे रांग असते, काही महिने थांबावं लागतं. थांबा. आणि पहिल्यांदा एकच हत्यार द्या, सगळी चार नव्हे.

देताना

सिरियल नंबर वाचता येईल असे फोटो काढा, चारही बाजूंनी. एका कागदावर तुमच्या वहीतल्या तक्रारी लिहा आणि त्याखाली काय करायचं, काय करायचं नाही ते. "हलकं करा" असं मोघम लिहू नका. "हॅमरची स्प्रिंग बदलावी, खाचेला पॉलिशपलीकडे हात लावू नये" असं लिहा. भाव कागदावर घ्या. माझ्या दोन रिव्हॉल्व्हरचे मला सुटे भाग धरून साडेतीनशे डॉलरच्या आसपास पडले. पण हा माझा अनुभव, तुमच्याकडे वेगळा असेल.

रायफल देत असाल तर सोबत तुमच्या नेहमीच्या लांबीची डझनभर डमी काडतुसं द्या, म्हणजे ज्यात दारूही नाही आणि प्रायमरही नाही अशी. १८७३ ची रायफल काडतुसाच्या लांबीबाबत फार काटेकोर असते. थोडं आखूड झालं की नंतरचं काडतूस अर्धवट आत घुसतं आणि सगळं जाम. गनस्मिथने स्वतःच्या काडतुसांवर जमवलेली रायफल तुमच्या काडतुसांवर अडेल. खरी काडतुसं हत्याराच्या पेटीत कधीही ठेवू नका.

गनस्मिथ दुसऱ्या राज्यात असेल, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे मालक आपलं हत्यार दुरुस्तीसाठी थेट परवानाधारकाला पाठवू शकतो आणि तोही दुरुस्त करून थेट मालकाला परत पाठवू शकतो. अडचण कायद्यापेक्षा कुरिअरची असते. त्या कंपन्यांनी स्वतःचे नियम कडक केले आहेत. रिव्हॉल्व्हर पोस्टाने पाठवायचा विचार तर मनातूनच काढा. सगळ्यात सोपं म्हणजे जवळच्या परवानाधारक दुकानाला थोडे पैसे देऊन त्यांच्यामार्फत पाठवणं. कसं पाठवायचं हे गनस्मिथलाच विचारा, त्याचं हे रोजचं आहे.

जुनी, खरोखरची शंभर वर्षांची शॉटगन कुणी स्वस्तात देत असेल, तर विकत घ्यायच्या आधी ती गनस्मिथला दाखवा. जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर कधीकधी आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड असतं, आणि वेटोळ्यांची नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळीत आजची बिनधुराची दारू वापरणं धोक्याचं. पाहणीचे पैसे द्या आणि त्याचं म्हणणं ऐका.

परत आल्यावर, दुकानाबाहेर पडायच्या आधी

हे सगळं रिकाम्या हत्यारावर, डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासून, नळी सुरक्षित दिशेला धरून.

रिव्हॉल्व्हर घ्या. कोल्टच्या धर्तीचं असेल तर हॅमर सावकाश मागे ओढा, चार 'क्लिक' वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. रुगरच्या नव्या मॉडेलची रचना वेगळी आहे, त्यात चार शोधू नका. मग दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर अगदी हलकं टेकवून, त्याला किंचित अडवत, पुन्हा सावकाश ओढा. हॅमर पूर्ण मागे टेकेपर्यंत सिलिंडर टच्च बसलेला असला पाहिजे. हॅमर टेकला आणि सिलिंडर अजून ढिला फिरतोय, तर वेळ जमलेली नाही. सहाही घरांना हे करा, कारण एखादंच घर फसवतं. मग आजोबांची परीक्षा: हॅमर पूर्ण मागे, बोट ट्रिगरपासून लांब, अंगठ्याने मध्यम दाब. सुटला तर पैसे द्यायच्या आधी तिथेच परत करा.

रायफलमध्ये तुमची डमी भरा. दहा सावकाश, दहा वेगात. एकही अडकता कामा नये. मग रायफल रिकामी करा, लिव्हर मिटत आणा आणि बोटभर फट ठेवून ट्रिगर दाबा. तो दबलाच नाही पाहिजे.

शॉटगन उघडा. उघडायला सहज, पण मिटल्यावर घट्ट. रिकामी टरफलं आत घालून नळी वर करून मागे झटका द्या, दोन्ही एकदम खाली पडली पाहिजेत. काही दुनळ्यांची सेफ्टी बंदूक उघडली की आपोआप लागते. खेळाडू तिचं आपोआप लागणं तेवढं बंद करून घेतात. सेफ्टी स्वतः हाताने लावली तर लागलीच पाहिजे, ती तपासा.

आणि मूळ स्प्रिंगा, स्क्रू, काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून मागून घ्या. पुढे हत्यार विकायचं झालं तर लागतात.

पहिल्या सामन्याच्या आधी सराव

नव्याने काम झालेलं हत्यार थेट सामन्यात नेऊ नका. प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या पन्नास आणि रायफलच्या शंभर गोळ्या सरावात झाडा, तुम्ही सामन्यात वापरणार त्याच काडतुसांच्या. न उडालेलं काडतूस सापडलं तर फेकू नका. टार्गेटकडे नळी ठेवून तीस सेकंद थांबा, मग बाहेर काढा आणि प्रायमरवरचा ठसा बघा. ठसा उथळ असेल तर स्प्रिंग कमी पडतेय. ठसा खोल असून उडालं नसेल तर बहुधा काडतुसाचा दोष. फोटो काढून गनस्मिथला पाठवा. एवढ्या एका फोटोवरून तो घरबसल्या अर्धं निदान करतो.

आमच्याकडे दर महिन्याच्या सामन्यानंतर आम्ही तीन-चार मराठी घरं सावलीत बसून डबे उघडतो. तिथे नव्या माणसाने हत्यार दाखवलं की आता मीच गेट उघडते, सहा घरं मोजते, नळी बांधाकडे करते आणि अंगठा हॅमरमागे ठेवते. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मुलाचा हॅमर असाच सुटला. त्याने ते रिव्हॉल्व्हर तिथेच पेटीत ठेवलं आणि उरलेला सामना माझ्या जोडीवर खेळला.